बॅनरवरची गोरी बाई

शैलाताई,

आपल्या बिल्डिंगच्या गेटवर एक बाई टांगली आहे. मैद्यासारखी गोरी, गुलाबी ओठांची. अंगावर जरीची साडी, मागे निळं आभाळ, आभाळात दोन पांढरी कबुतरं. खाली हात जोडलेल्या माणसांचे फोटो आहेत. त्यातल्या निम्म्यांना मी आपल्या कात्रप भागात कधी पाहिलेलंही नाही, आणि त्यांचे चेहरे त्या बाईपेक्षा मोठे आहेत. मधोमध नाव तुझं आहे.

आई कामावरून येत होती. बॅनरसमोर थांबली, चष्मा पुसला आणि मला म्हणाली, "ही कोन वारली गो?"

आई तुला रोज जिन्यात भेटायची. तुझ्या हातचा चहा प्यायची. तुझ्यासाठी ती रडून रडून आजारी पडायची वेळ आली होती. आणि बॅनर बघून तिने विचारलं, ही कोण वारली. मी सांगितलं तेव्हा तिने पुन्हा वर बघितलं आणि तोंड असं केलं, जसं भाजीत अळी निघाल्यावर करते.

शी. हा शब्द तुझा आहे, मी वापरते आहे. दुसरा सापडत नाही.

तुझा चेहरा मला पाठ आहे. डाव्या भुवईपासून गालावर उतरलेलं कोड, मग हनुवटीवरचा तुकडा, ओठाच्या कोपऱ्याशी पांढरी कड, आणि उरलेला सगळा चेहरा छान सावळा. फ्लेक्सवाल्याने ते सगळं पुसलं. आणि पुसताना पांढरं काढून सावळं नाही केलं, सावळं काढून पांढरं केलं! म्हणजे ज्या रंगाला लोक जन्मभर शी म्हणाले, तोच रंग सगळ्या तोंडाला फासून तुला सुंदर केलं. हे कोणाला सांगू? तूच एकटी हसली असतीस यावर.

आणि त्या रंगाखालचा मूळ फोटो कुठला आहे ते मला दिसतं. डोळ्यांवरून ओळखलं. तो मी काढलेला आहे. गच्चीवरचा. मी कोणाला दिला नाही, शपथ घेऊन सांगते. तुझ्या दादाने तुझा लॅपटॉप उघडला. त्यात नाल्याचे, पुलाचे, टाक्यांचे, केबलच्या गुंत्याचे शेकडो फोटो आणि तुझा स्वतःचा एकच. तोच त्याने फ्लेक्सवाल्याला पाठवला आणि सांगितलं, "जरा ठीक करून घ्या."

मला असं लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे घरातले सगळे अर्ज मी लिहिते, पण अर्जात माणसाला 'तू' म्हणायचं नसतं. तरी लिहिते.

आठवतं, आपण कॅमेरा घ्यायला उल्हासनगरला गेलो होतो? तीन नंबरच्या बाजारात जुन्या कॅमेऱ्यांचं ते दुकान. दुकानदाराने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तुझ्याकडे. कॅमेरा दाखवायचा सोडून म्हणाला, "दीदी, बुरा मत मानना, मेरे मामा को भी यही था. एक तेल आता है, लगा के देखो."

तू कॅमेरा उलटासुलटा करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "लेन्सला लावायचं की बटनांना?"

तो एवढा हसला की कव्हर फुकट दिलं. परत येताना रिक्षात तू म्हणालीस, "बघितलंस? तेलाने काहीतरी मिळालंच." मी हसले. पण तुझा हात ओढणीखाली होता आणि स्टेशन येईपर्यंत तो बाहेर आला नाही.

एचडीआर शिकायचं तुझ्या डोक्यात कुठून आलं, ते मी विचारलंच नाही. मी समजत होते की कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं असेल. एकाच जागेचे तीन फोटो काढायचे, कॅमेरा जराही न हलवता. एक काळोखा, ज्यात आभाळ नीट येतं. एक मधला. एक फटफटीत, ज्यात सावलीतलं दिसतं. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकमेकांत मिसळायचे, म्हणजे उजेडातलंही दिसतं आणि काळोखातलंही. मला कळत नव्हतं तेव्हा तू भाकरीवर आलीस. "हे बघ कॉलेजवाली, एक करपलेली, एक नीट, एक कच्ची. प्रत्येकीचा चांगला तेवढा भाग घ्यायचा." त्यानंतर आपण फोटोंना तीच नावं ठेवली. करपलेला, नीट, कच्चा.

ट्रायपॉड घ्यायच्या आधी तू चणाडाळीची पुरचुंडी शिवलीस. कॅमेरा तिच्यावर ठेवला की हलत नसे. अंबरनाथला नाल्याच्या कठड्यावर ती ठेवून आपण पहिला एचडीआर काढला. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या (तू म्हणायचीस म्हणून मीही त्यांना वहिनीच म्हणते), "ती डाळ आता डब्यात टाकायची नाही हां. नाल्याला लागली आहे."

"पिशवी लागली वहिनी, डाळ कुठे लागली?"

"मला किळस येते शैला."

तू ती डाळ वेगळ्या डब्यात ठेवलीस आणि त्याच्यावर चिठ्ठी लावलीस: 'कलावंतांची डाळ.' पुढे ती आमच्याकडे आली. आईने पुरण केलं.

त्या नाल्याच्या फोटोवरून आपलं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. आता मिटणारही नाही. फोटो मी मिसळला होता. मला नुकते कॉम्प्युटरवरचे ते रंग-उजेड वाढवायचे स्लायडर सापडले होते आणि मी सगळे उजवीकडे ओढले. नाल्याचं पाणी मोरपिसासारखं झालं. फेसावर जांभळी चमक. पलीकडच्या झोपड्यांच्या पत्र्यांना सोनेरी कडा. मला वाटलं मी जिंकले. तू चहाचा कप खाली ठेवलास.

"शी! हे काय?"

"काय झालं?"

"ह्याला वास कुठाय?"

"फोटोला वास कसा येईल ताई?"

"मग दिसतं तेवढं तरी घाण राहू दे ना. त्या पाण्याकाठी माणसं राहतात. तू त्याचं ग्रीटिंग कार्ड केलंस."

मी खूप दुखावले. मी म्हटलं, की लोकांना बघावंसंच वाटलं नाही तर ते बघतील कशाला. तू म्हणालीस, की बघावंसं वाटायला खोटं लागत असेल तर नको बघू देत. मी म्हटलं, मग एचडीआर कशाला शिकायचं, साधाच फोटो काढ. तू म्हणालीस, "डोळ्याला दिसतं तेवढं कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून शिकायचं. नसलेलं दाखवायला नाही." मी दोन दिवस वर आले नाही. मग तू जिन्यातून हाक मारलीस, "कॉलेजवाली, रुसवा कच्चा आहे की करपला?"

त्या दिवशी एक उत्तर माझ्या ओठांवर होतं. ते मी गिळलं. पुढे लिहीन.

आधी गच्चीचं लिहिते, कारण ते मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त किळस त्याची येते.

तुझ्या फोटोग्राफीला घरातून फार पाठिंबा होता. मला त्याचा हेवा वाटायचा. माझे बाबा म्हणायचे, फोटो काढून पोट भरतं का. आणि तुझा दादा स्वतःहून म्हणायचा, "शैला, आज हवा छान आहे, जा ना फोटो काढायला. हिलाही घेऊन जा." कधी रविवारी सकाळी, कधी संध्याकाळी. एकदा तर त्याने सोनिवलीपर्यंत रिक्षा करून दिली होती. तिथे नवे टॉवर उभे राहत होते आणि भातखाचरात क्रेनची सावली पडली होती. आपल्याला चांगला फोटो मिळाला. मी म्हटलं, "तुझा दादा किती चांगला आहे." तू कॅमेऱ्यात डोळा घालून होतीस. म्हणालीस, "हो. कॅलेंडर बघून चांगला असतो."

मला कळलं नाही. गच्चीवरच्या त्या संध्याकाळी कळलं.

त्या दिवशी बाहेर जायला उशीर झाला होता म्हणून दादा म्हणाला, गच्चीवर जा. आपण पाण्याच्या टाकीमागे ट्रायपॉड लावला. टाकीमागून खाली बिल्डिंगच्या दारात एक गाडी येऊन थांबलेली दिसली. चार माणसं उतरली, एकाच्या हातात मिठाईचा खोका. तू बघितलंस आणि म्हणालीस, "आलं प्राचीचं स्थळ."

प्राची तुझी भाची. तिला बघायला माणसं यायची त्या प्रत्येक वेळी हवा छान असायची.

मी तुझ्याकडे बघत राहिले. तू म्हणालीस, "असं नको बघूस. घरात कोड आहे म्हटलं की माणसं चहा अर्धा सोडून उठतात. दोनदा उठलीत. पोरीचं वय जातंय."

"पण ते असं लागत नाही ताई. आम्हाला बायोलॉजीत..."

"तुझं बायोलॉजी खाली जाऊन सांग. पोहे मिळतील."

 मला सत्यनारायणाचा प्रसाद आठवला. तू वाटला होतास, आणि नंतर मी जिना झाडताना कोपऱ्यात कागदात गुंडाळलेल्या शिऱ्याच्या पुड्या सापडल्या होत्या. चांगल्या शिकलेल्या घरांतल्या पुड्या. माझी आई शाळेत गेलेली नाही. तिने तुझ्या हातावरचा शिरा तोंडात टाकून म्हटलं होतं, "ह्यान साकर कमी परली गो बाय. आनखी जरा दे, बगू." मला वाटतं तेव्हापासून तू आमची झालीस.

ऊन उतरत होतं. खालून कपबशांचा आवाज येत होता. तू अचानक कॅमेऱ्याच्या मागून निघालीस आणि टाकीला टेकून उभी राहिलीस.

"चल. आता माझा काढ."

इतकी वर्षं तू कुणाला काढू दिला नव्हतास. मी कॅमेऱ्यामागे गेले. पहिला काढला तर कोड चुन्यासारखं फटफटीत आलं, त्यात गालच नाही. कमी उजेडावर काढला तर कोडातली त्वचा दिसली, अगदी बारीक रेषांसकट, पण बाकी चेहरा काळोखात गेला. मी म्हटलं, "ताई, एका फोटोत तू मावत नाहीस."

"म्हणून तर शिकले," तू म्हणालीस.

ताई, मी ते वाक्य तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. मला ट्रायपॉडची घाई होती. आता रोज ऐकू येतं.

मग तीन काढले. करपलेला, नीट, आणि तिसरा, कच्चा. पहिल्या दोनला तू दगडासारखी उभी राहिलीस. तिसऱ्याला तुझा धीर सुटला आणि ओठ हलले. "शी, किती वेळ लावतेस!"

दुसऱ्या दिवशी मी मिसळून आणला. स्लायडर कुठलाच ओढला नाही, नाल्यानंतर शहाणी झाले होते. त्यात तू होतीस. सावळीही नीट, पांढरीही नीट. फक्त तोंडाजवळ जरा दुहेरी झालं होतं, हललीस म्हणून. तू बराच वेळ बघितलंस. फोटो मोठा केलास, गालावर बोट फिरवलंस. स्क्रीनवरच्या, स्वतःच्या नाही.

मी विचारलं, "डिलीट करू?"

"नको."

"आईला दाखवू?"

"कुणाला दाखवू नकोस." मग थांबून म्हणालीस, "अजून."

त्या 'अजून'चं मी काय करायचं ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. भांडणातलं जे उत्तर मी गिळलं होतं, ते तेव्हा पुन्हा वर आलं: नाला आहे तसा दाखवायचा म्हणतेस, मग स्वतःला का लपवतेस? पण तुझा चेहरा आणि नाला एका वाक्यात आणायची मला लाज वाटली. असं वाक्य माझ्या मनात आलं याचीच किळस आली. त्यामुळे बोलले नाही. मग तुला ताप आला, मग हॉस्पिटल, मग बॅनर.

तेराव्याला मी तुमच्या घरी आले. हॉलमध्ये, सोफ्याच्या बरोबर वर, तीच बॅनरवरची बाई फ्रेम करून लावली होती. कबुतरं कापली होती एवढंच. दादा कुणालातरी सांगत होता, "फोटो फार छान आला शैलाचा." ती माणसं मान हलवत होती. त्यातल्या दोघांना मी ओळखलं, पुड्यांच्या घरातले होते. जेवणं चांगली झाली. मी पान वाढून घेतलं आणि मला जेवता येईना. भाताला वास येत नव्हता, पण मला येत होता. मनात आलं, ती फ्रेम खेचून खाली फेकावी. पण मी कोण? खालच्या मजल्यावरची पोरगी. मी ताट उचललं, हात धुतले आणि घरी आले.

दोन-तीन दिवसांनी दुपारी वहिनी खाली आल्या. त्या आमच्या घरी कधीच आल्या नव्हत्या. आईने खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"तो फोटो तू काढलास ना?"

मला वाटलं, रागवायला आल्या. मी हो म्हटलं.

"खरा आहे तुझ्याकडे? ते करायच्या आधीचा?"

"आहे. पण ताई म्हणाली होती, कुणाला दाखवू नको."

 वहिनी म्हणाल्या, "मी 'कुणी' आहे का गं? अठ्ठावीस वर्षं तिच्या पाठीला मलम मी चोळलंय. माझ्या लग्नात हनुवटीवर एवढासा ठिपका होता, मग भुवईला आलं, मग मानेला. कुठला डाग कधी आला ते तिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक. आणि आता सकाळ-संध्याकाळ त्या कोण बाईपुढे मी निरांजन लावते. शी! हात पुढे जात नाही माझा."

आईने त्यांना पाणी दिलं. मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि प्राचीची माणसं येतील तेव्हा?"

"भिंतीवरच्या आत्याला बघून ज्यांना उठायचं ते उठू देत. दूध तरी वाचेल."

"आणि दादा?"

"त्यांना मी बघते. तू फोटो कर."

ताई, मी खोटं लिहिणार नाही. मला त्या क्षणी वहिनींचा राग आला. हेच तू गच्चीवर टाकीमागे उभी असताना का नाही म्हणाल्या? पाठीला मलम चोळणारा हातच तुला दाराबाहेर जाऊ देत होता. तोच हात आता फोटो मागत होता. दोन्ही त्यांनीच केलं. मला ते एकत्र करता येत नाही. त्याच्यासाठी कुठला स्लायडर नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, ओढू नकोस, दिसतंय तसं राहू दे. तसंच ठेवते.

आणि तुझं 'अजून'. मी रात्रंदिवस त्याचाच विचार केला. तुला हवं होतं का, मला माहीत नाही. पण ती गोरी बाई तुला नको होती, एवढं नक्की माहीत आहे.

मी उल्हासनगरच्या लॅबमध्ये गेले. तिथल्या माणसाने फोटो स्क्रीनवर उघडला आणि लगेच माउस तुझ्या गालावर नेला. "मॅडम, फेस क्लीन कर देता हूँ. चार्ज नहीं लगेगा."

"नको."

"अरे, दो मिनट का काम है."

"हात लावू नका." मी एवढ्या मोठ्याने बोलले की बाजूचं गिऱ्हाईक वळलं. मला असं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

"अच्छा, ये होंठ तो हिला हुआ है. ये तो ठीक करने दो."

"तेही नाही."

त्याने खांदे उडवले आणि प्रिंट काढली. मी ती छातीशी धरून घरी आणली, उलटी, कोणी बघू नये म्हणून. सवयीने.

वहिनींनी ती खिडकीपाशी नेली. आधी गाल बघितला, मग भुवई, मग हनुवटी, जसं मलम लावताना बघत असतील तसं. मग तोंडापाशी थांबल्या.

"इथे असं दोन-दोन का दिसतंय?"

"हलली होती. बोलत होती."

"काय बोलत होती?"

"'शी, किती वेळ लावतेस' म्हणत होती."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. मग खुर्चीवर चढून त्यांनी स्वतः ती गोरी बाई खिळ्यावरून काढली आणि तुला लावलं. जरा तिरकं लागलं आहे. दादा संध्याकाळी आला, बघितलं आणि आतल्या खोलीत गेला. उद्या बोलेल. परवा प्राचीकडे पुन्हा कोणी येणार आहे म्हणतात. काय होईल मला माहीत नाही.

मी ते 'अजून' तुला न विचारता संपवलं, ताई. खालच्या मजल्यावर बसून हे लिहिताना वर भांड्यांचे आवाज येतायत आणि मी मधेमधे कान देते. चुकलं असेल तर एकदा शी म्हण. तेवढंच ऐकायचं आहे.